ऍक्सेप्ट करा म्हणजे नक्की काय करायचं?

ब्रेकव्हॅन
नमस्कार मंडळी. मी इथं रोज वाचतो पण लिहिलं कधी नाही. मुलाने फोनमध्ये मराठी घालून दिलंय त्यावर एका बोटाने टाइप करायलोय, तेव्हा चुका पोटात घाला.

मी सोलापूरचा. रेल्वेत गुड्स गार्ड होतो, आता म्हणे ट्रेन मॅनेजर म्हणतात, आमच्या वेळी गार्डच होतं आणि तेच बरं होतं. २०१२ ला रिटायर झालो. घरात मी आणि ही. मुलगा पुण्यात, हुतात्मा एक्सप्रेसने महिन्यातून एकदा येतो.

हिला अल्झायमर्स आहे. २०१९ ला कळलं, पण सुरुवात त्याच्याही आधीची असणार. शेंगाचटणीत मीठ दोनदा पडायला लागलं, मग तिसऱ्यांदा, आणि मी मूर्खासारखा चेष्टा करत होतो की समुद्र आणलास का घरात. पहिल्या डॉक्टरने वयोमान म्हणून टॉनिक दिलं आणि त्यात आमचं एक वर्ष गेलं. दुसऱ्याने नीट बसवून तपासलं, रक्त, थायरॉइड, बी-१२, एमआरआय. बी-१२ कमी निघालं तेव्हा मला केवढा आनंद, म्हणलं इंजेक्शनात भागलं! नाही भागलं. त्या डॉक्टरने हिला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. हिने गोल छान काढला, रांगोळीचा हात आहे, आणि मग एक ते बारा सगळे आकडे उजव्या बाजूला एकाखाली एक दाटीवाटीने बसवले. डावी बाजू कोरी. माझ्याकडे बघून हसली, जमलं ना? तो कागद अजून माझ्या कपाटात आहे, का ठेवलाय विचारू नका.

मुद्द्यावर येतो. हिचं माहेर दुधनी. घरात कन्नड. लग्न होऊन १९७९ ला आली तेव्हा मराठी मोडकी होती, सहा महिन्यांत माझ्या आईपेक्षा चांगली बोलायला लागली. माझं कन्नड म्हणजे बर्री, कूड्री, ऊटा, नीर, म्हणजे या, बसा, जेवण, पाणी, स्टेशनावर लागतं तेवढंच. चाळीस वर्षं गरजच पडली नाही. आता गेल्या दोनेक वर्षात हिची मराठी गेली. म्हणजे एकदम नाही, आधी नावं गेली, मग वाक्यं अर्धी राहायला लागली, मग मधेच कन्नड शब्द, आणि आता जे काय थोडं बोलते ते सगळं कन्नड. आणि माझी ओळखही मराठीबरोबरच गेली म्हणा.

संध्याकाळी सहा वाजले की ही गेटपाशी जाऊन उभी राहते. अवरु बंदिल्ल, अवरु बंदिल्ल. ते आले नाहीत अजून. ते म्हणजे मी! ड्युटीवरून. वाडी जंक्शनला गाडी घेऊन गेलो की परत कधी येणार याचा नेम नसायचा, तेव्हा अशीच उभी राहायची, पोरगं कडेवर. आता मी शेजारी उभा आणि ही माझी वाट बघते. सुरुवातीला मी सांगायचो, अगं मीच तो. लग्नाचा फोटो दाखवला, आयकार्ड दाखवलं, एकदा तर जुना युनिफॉर्म ट्रंकेतून काढून घातला, बटणं लागेनात. तर ही घाबरली, कुणाचे कपडे घातलेत म्हणून ओरडायला लागली.

आता भाचीपासून शेजाऱ्यांपर्यंत जो येतो तो सांगतो की मामा, ऍक्सेप्ट करा. बरं. करतो. पण म्हणजे नक्की काय करायचं? सही कुठं करायची? ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनीच सांगा, बाकीच्यांचं ऐकून झालंय.

हुरडा_पार्टी
काका, वाचून गप्प बसलो. सल्ला काय देणार. फक्त एक, संध्याकाळचं जे तुम्ही लिहिलंय ते आमच्या आज्जीचं पण सेम होतं, अंधार पडायला लागला की अस्वस्थ व्हायची, घरी जायचं म्हणायची, आणि घरातच असायची. आम्ही उन्हं उतरायच्या आत सगळ्या ट्यूब लावायचो, पडदे ओढून घ्यायचो, आरसा झाकायचो कारण आरशातली बाई कोण म्हणून भांडायची. थोडा फरक पडायचा. लै नाही.

नीलांबरी
ब्रेकव्हॅन काका, मी नर्सिंगमधे आहे, वयस्कर पेशंटच बघते. मागून शिकलेली भाषा आधी जाते आणि पाळण्यातली शेवटपर्यंत राहते, असं बऱ्याच दोनभाषी पेशंटमधे दिसतं. आपल्या सोलापुरात तर घरोघरी, तेलुगू, कन्नड, उर्दू, दखनी. पूर्व भागातल्या एका आजोबांना सून मराठीत जेवा म्हणायची आणि ते तोंड उघडायचे नाहीत, नातवाने तेलुगूत सांगितलं की लगेच. सून बिचारी समजायची आपल्यावर राग आहे. तेव्हा काकू तुम्हाला विसरल्या म्हणण्यापेक्षा, त्या १९७९ च्या आधी जाऊन बसल्यात असं बघा ना. तिथं तुम्ही अजून पोचलाच नाही.

आणि वाद घालू नका. मीच तो, हे सिद्ध करायला जाल तर दोघांची रात्र खराब.

ब्रेकव्हॅन
नीलांबरी ताई, ते तिथं तुम्ही पोचलाच नाही हे चांगलं लिहिलंत. पण वाट माझीच बघते की. म्हणजे अर्धी १९७९ च्या अलीकडे आणि अर्धी पलीकडे, तिचं टाइमटेबल मला लागत नाही.

वाद मी सोडलाय. कसा ते सांगतो. एकदा कंटाळून, खरंच कंटाळून, म्हणलं गाडी होटगीला उभी आहे, सिग्नल नाही. आणि ही एकदम शांत. होटगी म्हणलं की तिला माहीत आहे, आली की जवळ. मालगाडीला होटगीला तासंतास टांगून ठेवायचे आणि ही भाकरी झाकून ठेवायची. आता रोज तेच सांगतो, कन्नडमधे शिकून घेतलंय, बरतार, गाडी लेट ऐति, येतील, गाडी लेट आहे. ही मान हलवते, आत येते, दुधात चुरलेली कडक भाकरी खाते. मला पण वाढ म्हणते. मी कोण, तर स्टेशनवरून निरोप घेऊन आलेला कुणीतरी कॉलबॉय.

स्पष्टवक्ता
राग मानू नका पण हे सरळ खोटं बोलणं आहे. दुसरं म्हणजे, बाईंना जर तुम्ही ओळखूच येत नाही तर घरी ठेवण्याचा अट्टहास कशासाठी? पुण्यात चांगली केंद्रं आहेत. तुमचं वय बघा. मुलाने पण विचार करायला हवा. भावना बाजूला ठेवून बोलतोय.

सात_रस्ता
भावना बाजूला ठेवून बोलायला हा काय फ्लॅटचा व्यवहार आहे का?

असो. मी हा धागा काल रात्री वाचला आणि झोप लागली नाही, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, लांबलं तर वाचू नका. आमच्या ह्यांना डिमेन्शियाच, पण वेगळा, छोटे छोटे स्ट्रोक होऊन झालेला. बीपी आणि शुगर दोन्ही होतं आणि गोळ्या हे मनाला येईल तेव्हा घ्यायचे. तो काकूंच्यासारखा हळूहळू उतरत नाही, पायरी पायरीने येतो, चार महिने बरं आणि एका दिवसात धाडकन एक पायरी खाली. यंत्रमागाचा धंदा होता, टॉवेल, एका नजरेत ताण्यातला तुटलेला धागा सांगणारा माणूस, तो शर्टाचं बटण लावताना रडला.

तुमच्या काकू तुमची वाट तरी बघतात. आमचे मला बघून दार लावून घ्यायचे. मी कुणाबरोबर तरी आहे असा संशय. चौसष्टाव्या वर्षी! दूधवाला, पेपरवाला, एकदा तर सख्खा दीर. शेजारणींच्या देखत. मला वाटायचं पस्तीस वर्षं मनात हेच होतं की काय, आता लगाम सुटला म्हणून बाहेर आलं. ही एकच गोष्ट मला सगळ्यात जास्त खाऊन गेली. डॉक्टरबाईंनी समजावलं की हा आजाराचा भ्रम असतो, वस्तू सापडत नाही म्हणजे चोरली, बायको दिसत नाही म्हणजे पळाली, मेंदू भोकं बुजवतो. पटलं. पण पटायला दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. ती परत मिळत नाहीत.

संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी येतात. जाते मी. वाण घेते. सगळ्या विचारतात कसे आहेत, मी म्हणते आहेत. एवढंच. आहेत पण आणि नाहीत पण. माणूस गेला तर निदान लोक भेटायला येतात, दहावं होतं, तेरावं होतं, रडायला एक जागा असते. इथं रडलं तर म्हणतात अगं असं काय अशुभ, जिवंत माणूस आहे. काका, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हे, की मी दोन्ही करते. ह्यांना भरवते आणि जे गेले त्यांच्यासाठी बाथरूममधे नळ सोडून रडते. दोन वेगळी माणसं आहेत असं धरलंय.

आणि केंद्राचं, कुणी ठेवलं तर मी नावं ठेवणार नाही. माझ्यावरही वेळ येईल.

काळा_कोट
भावनिक चर्चेत रुक्ष घुसतोय, पण नंतर सगळे हेच विचारायला येतात. ज्यांच्या घरात निदान नुकतंच झालंय त्यांनी खाती जॉइंट करून घेणे, नॉमिनी, मृत्युपत्र हे पेशंटला समजतंय तोवरच करा. कुलमुखत्यारपत्र केलंय म्हणून निर्धास्त राहू नका, देणाऱ्याची समज गेली की ते संपतं, १८७२ च्या करार कायद्याचं कलम २०१. मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं आणि ते सोपं नाही. पेन्शनचा हयातीचा दाखला आता घरबसल्या चेहऱ्यावरून किंवा पोस्टमनकडून होतो, नोव्हेंबरात म्हाताऱ्या माणसाला बँकेत ओढत नेऊ नका.

सात_रस्ता
हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर. ह्यांची सही जुळत नाही म्हणून एका बँकेत पाच फेऱ्या झाल्या, शेवटी दोन साक्षीदारांसमोर अंगठा. कॅशियर मला विचारतो, हे साहेब स्वतः का बोलत नाहीत.

कडक_भाकरी
कुणाला माहितीसाठी, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि मन मोकळं करायला टेलि-मानस १४४१६. दुसरीवर मी स्वतः बोललोय, आईच्या वेळी, रात्री दोनला. २०२३ ला लासी-डॅड म्हणून मोठा अभ्यास आला त्यात साठीच्या पुढच्या भारतीयांत ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज होता. मग हे सगळे असतात कुठं? आतल्या खोलीत. पाहुणे आले की दार लोटून घ्यायचं. आम्हीही तेच केलं.

ब्रेकव्हॅन
सात रस्ता ताई, तुमचं दोनदा वाचलं. दोन वेगळी माणसं हे मला जमेल का बघतो.

स्पष्टवक्ता साहेब, राग नाही. केंद्र बघून आलोय मी, मुलाने नेलं होतं, स्वच्छ होतं, माणसं चांगली. पण तिथं कुणाला कन्नड येत नव्हतं. पाणी मागितलं तर द्यायचं कुणी? सध्या १२ तासांची एक बाई आहे, अक्कलकोटकडची, कन्नड बोलते. तिच्यामुळे आंघोळीचा प्रश्न सुटला. मी आंघोळ घालायला गेलो की ही किंचाळायची, नखं मारायची. मला कळायचं नाही. आता कळतं, परका पुरुष साडीला हात लावतोय, दुसरं काय करेल बाईमाणूस?

खोट्याचं म्हणाल तर मी ३६ वर्षं गाडी येईल, सिग्नल मिळेल हेच सांगत आलोय लोकांना.

गेल्या वर्षी पहाटे पाचला कडी काढून निघून गेली. रेल्वे लाईन्सपासून पुढं कुठं कुठं शोधलं. नऊ वाजता एका रिक्षावाल्याचा फोन. ही त्याला दुधनीगी होग्बेकु म्हणाली, दुधनीला जायचंय. पोरगं कन्नड समजणारं, सिद्धेश्वराची कृपा म्हणायची, त्याने चहा पाजला, गोड बोलून पिशवीतली चिठ्ठी काढली, त्यावर नंबर. भाडं घेतलं नाही. तेव्हापासून चिठ्ठी पिशवीत पण, साडीच्या पदराला पण आणि मंगळसूत्राला बारीक कापडी पुडीत पण.

यंदा गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, तिला बाळीवेशीत एका नातेवाइकांच्या ओट्यावर बसवलं होतं. मला धास्ती, गर्दी, आवाज, बिथरली तर? नंदीध्वज आले, बाराबंदी घातलेली पोरं, घाम, हलगी. कुणीतरी ओरडलं बोला एकदा भक्तलिंग हर्र, आणि हिने शेजारून दणकून बोला हर्र! सहा महिन्यांत एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. पुढच्या प्रत्येक वेळी बरोबर ठोक्यावर. घरी आलो तर ऊटा आयित, जेवण झालं का, म्हणलं तरी उत्तर नाही.

नीलांबरी
ताल, आरत्या, जात्यावरचं, हे सगळं वेगळ्या कप्प्यात असतं हो, शेवटी जातं. वापरा ते. आंघोळीच्या वेळी म्हणायला लावा त्या बाईंना.

अजून एक, खाताना पाण्याने ठसका लागतोय का? लागत असेल तर पातळापेक्षा घट्टसर द्या, पेज, ताक-भात कालवून, सरळ बसवून, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नका. फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो, शेवटी शेवटी पुष्कळदा तेच निमित्त होतं. आणि कुणाच्या पेशंटला सुरुवातीपासून माणसं-जनावरं दिसत असतील, हातपाय ताठ असतील तर तो लेवी बॉडी प्रकार असू शकतो, त्यांना शांत करायची काही इंजेक्शनं फार बाधतात, डॉक्टरला आधी सांगा.

काका, तुमची स्वतःची तपासणी कधी केलीत?

ब्रेकव्हॅन
हर्नियाचं ऑपरेशन पुढं ढकलतोय. पुढचा प्रश्न विचारू नका.

आज जे लिहितोय ते दोन दिवस टाइप करून पुसतोय. इथं कुणी मला ओळखत नाही म्हणून.

दिवाळीनंतर एका रात्री ही चार वेळा उठली. चौथ्यांदा गादी ओली, मी बदलायला गेलो, हिने हात झटकला, माझा चष्मा पडून फुटला. मी हात उगारला. मारला नाही. पण उगारला, आणि तिने तोंडावर आडवा हात धरला. ४५ वर्षांत असं कधी झालं नव्हतं हो. मी तिथंच जमिनीवर बसलो. बराच वेळ. मग ती खाली आली, माझ्या हातावर हात थोपटत म्हणाली, पाप. पाप.

बरोबरच होतं. त्यानंतर ती कधीही मधेच, मी भाजी निवडत असलो, पायाला तेल लावत असलो की बघते आणि म्हणते पाप. मराठी सगळी गेली आणि नेमका एवढा एक शब्द राहिला. तुम्ही ऍक्सेप्टचं सांगताय, मी म्हणतो आजार ऍक्सेप्ट होईल, माणूस गेलं हे पण होईल, हा शब्द कसा करायचा?

सात_रस्ता
काका, मी ह्यांना खोलीत कोंडून बाहेर पायरीवर बसलेय. एकदा नाही. आपण माणसं आहोत. रात्रीची बाई बघा, पेन्शन त्यासाठीच असते, आणि हर्निया उरकून घ्या.

तुरीचा_बाजार
ब्रेकव्हॅन काका, मी दुधनीचाच. सगळा धागा वाचला आणि तुमच्या शेवटच्या पोस्टला थांबलो. थांबा जरा. ती मराठी नाही.

कन्नडमधे पाप म्हणजे तुमचं ते पाप पण होतं, पण रोजच्या बोलण्यात कुणाची दया आली, कळवळा आला की पाप म्हणतात. लहान पोर पडलं, पाप. कुणी उपाशी आहे, पाप. बिचारा, म्हणजे. माझी आई दिवसातून पन्नास वेळा म्हणायची. हात थोपटत म्हणाल्या म्हणताय ना, मग दुसरा अर्थच नाही. तुम्हाला बिचारे म्हणत होत्या.

हुरडा_पार्टी
आयला.

नीलांबरी
_/\_

ब्रेकव्हॅन
तुरीचा बाजार, तुमचं वाचून कामाच्या बाईला विचारलं. हसायला लागली. म्हणाली मामा, तुम्हाला माहीतच नव्हतं व्हय, अक्का तर मला पण म्हणते, मी दमले की.

सासरी इतकी वर्षं गेलो आलो, कानावर पडलं असेल शंभर वेळा. कधी विचारलं नाही. जावई म्हणून पाटावर बसायचं आणि जेवायचं.

बाकी काही लिहायला सुचत नाही. पुढच्या महिन्यात ऑपरेशनची तारीख घेतलीय, मुलगा पंधरा दिवस येतोय, त्याला पण बरतार, गाडी लेट ऐति पाठ करायला लावलंय, तो ऐतिला ऐती म्हणतो.

आज संध्याकाळी गेटपाशी नेहमीसारखं सांगितलं, होटगीला उभी आहे, सिग्नल नाही. तिने बाहेर बघितलं, रस्त्याकडे, आणि म्हणाली, पाप. मला म्हणाली की त्या गाडीतल्याला, ते कळलं नाही.